दहाव्या दिवसापर्यंत जपा, दहाव्या दिवशी चोळा

सांगलीहून एका ३४ वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे.

"पुण्यात हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलं, आज चौथा दिवस. एफयूई पद्धतीने, म्हणजे डोक्याच्या मागून एकेक करून काढलेले, २,४०० ग्राफ्ट (मुळासकट केस) पुढच्या भागात लावलेत. काल कपाळ सुजलं होतं, आज डोळे नीट उघडत नाहीत. सकाळी उशीवर दोन बारीक केस दिसले आणि हातपाय गळाले. क्लिनिकने धुण्याच्या सूचनांचा कागद दिलाय, पण डोक्याला पाणी लावायची हिंमत होत नाही, दोन दिवस धुतलेलंच नाही. घरात बोअरचं पाणी आहे. आई म्हणते, हळद घालून कोमट खोबरेल लाव, खपल्या आपोआप सुटतील. नोकरी एमआयडीसीत आहे. जाता-येता मोटरसायकल आणि आत सेफ्टी हेल्मेट. सोळाव्या दिवशी चुलतभावाचं लग्न आहे, फेटा बांधावाच लागेल. तंबाखूची सवय आहे, सुटलेली नाही. काय करू?"

आधी उशीवरचे दोन केस, कारण रात्रीची झोप त्यांनी उडवलेली दिसते. ते केस हातात घेऊन बघा. नुसता एक-दोन मिलिमीटरचा तुकडा असेल, त्याला कोरड्या खपलीचा कण चिकटलेला असेल, तर तो कापलेला केस आहे. ग्राफ्ट निघाला तर तो वेगळा दिसतो. चार-पाच मिलिमीटर लांब, खालच्या टोकाला ओलसर मांसल गाठ, आणि मुख्य म्हणजे डोक्यावर जिथून तो निघाला तिथे ताजं रक्त. रक्त नाही, तर ग्राफ्ट गेलेला नाही. आणि समजा २,४०० मधले खरोखरच दोन गेले असतील, तरी आरशात त्याचा फरक कधीही दिसणार नाही. आता उशी तपासणं थांबवा.

डोळ्यांची सूज तुम्हाला जितकी भयंकर वाटते तितकी नाही. भूल देताना कातडीखाली सलाईन, लिग्नोकेन आणि अॅड्रेनालिनचं मिश्रण भरपूर सोडतात. ते पाणी आणि जखमेची सूज गुरुत्वाकर्षणाने खाली सरकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळ, चौथ्या-पाचव्या दिवशी पापण्या आणि नाकाचा वरचा भाग, सातव्या-आठव्या दिवसापर्यंत ओसरते. रुमालात गुंडाळलेला बर्फ भुवयांच्या वर आणि कानशिलांवर, एका वेळी दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा ठेवा. ग्राफ्टवर बर्फ अजिबात नाही, ती कातडी सध्या बधिर आहे, गारठून इजा झाली तरी तुम्हाला कळणार नाही. कपाळाच्या मध्यापासून दोन्ही कानांकडे बोटांनी हलकं निथळल्यासारखं सारत राहा. सूज एकाच बाजूला असेल, लाल, गरम आणि ठणकणारी असेल, किंवा डोळा उघडल्यावर दिसायलाच कमी येत असेल, तर ते मात्र नेहमीचं नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

झोपताना पाठीमागे दोन-तीन उशा रचून अंग ४५ अंशात ठेवा, सातव्या रात्रीपर्यंत. प्रवासात मानेभोवती घालतात ती उशी वापरली तर झोपेत डोकं कुशीवर वळत नाही. मागचा भाग, जिथून केस काढले, तो उशीला टेकला तर काही बिघडत नाही. कपडे पुढून बटणं असलेले घाला, गळ्यातून काढायचे बनियन आणि टी-शर्ट आठवडाभर बाजूला. खाली वाकून बुटाची नाडी बांधणं किंवा देवापुढे डोकं टेकणंही आठवडाभर नको.

आता धुणं. तुमचं सगळं पत्र या एका भीतीभोवती आहे, आणि नुकसान होणार असेल तर इथेच होईल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

केस लावलेल्या प्रत्येक छिद्रातून पहिल्या दिवशी रक्त आणि पातळ, चिकट द्राव झिरपतो. तो केसाभोवती सुकतो, त्याचीच खपली होते. पहिले दोन-तीन दिवस ग्राफ्टला रक्तवाहिनीच नसते. आजूबाजूच्या ओलाव्यातून जे पाझरेल त्यावर तो जगतो आणि गोठलेल्या द्रवाच्या चिकटपणावर टिकतो. साधारण तिसऱ्या दिवसापासून बारीक रक्तवाहिन्या जोडल्या जाऊ लागतात, आणि नवव्या-दहाव्या दिवशी तो इतका पक्का बसतो की खपली ओढली तरी तो बाहेर येत नाही. म्हणजे जो हात तिसऱ्या दिवशी डोक्याला लागायलाच नको, तोच हात दहाव्या दिवशी चोळायला हवा. बहुतेक जण याच्या उलट करतात. पहिल्या तीन दिवसांत खाज सुटली म्हणून बोट लावतात, आणि पंधराव्या दिवशीही भीतीने खपल्या तशाच ठेवतात. खपल्या राहिल्या की त्यांच्याखाली तेलकटपणा, घाम आणि जंतू कोंडतात, पुटकुळ्या येतात, आणि कोंडलेली कातडी लवकर शांत होत नाही. दिवस मोजताना ऑपरेशनचा दिवस शून्य धरा. क्लिनिकच्या कागदावर दिवस थोडे वेगळे असतील तर तो कागद वरचढ. तुमचं डोकं त्यांनी पाहिलंय.

बोअरच्या पाण्याने ग्राफ्ट मरत नाहीत. पण क्षार जास्त असले की शाम्पूला फेस येत नाही, खपल्यांवर पांढरट थर बसतो आणि खाज वाढते. पहिले दोन आठवडे पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरा. ते नसेल तर बोअरचंच पाणी दहा मिनिटं उकळा, झाकून निवू द्या आणि वरवरचं नितळ पाणी घ्या, तळाचा गाळ तसाच राहू दे. एका वेळेला पाच-सहा लिटर पुरतं. पाणी कोमट आहे का ते कोपर बुडवून बघा, डोक्यावर ओतून नाही. बधिर डोक्याला गिझरचं कडकडीत पाणीसुद्धा कोमट वाटतं, आणि भाजल्याचं नंतर कळतं.

धुण्याआधी दहा मिनिटं सलाईनचा स्प्रे मारून खपल्या भिजू द्या. अर्ध्या कपात लहान मुलांचा सौम्य शाम्पू एक चमचा आणि पाणी घेऊन फेस करा. हात साबणाने धुवा, नखं आधीच कापलेली हवीत. स्टुलावर ताठ बसा आणि घरातल्या कुणाला तरी तांब्याने पाणी ओतायला सांगा. तांब्या डोक्यापासून चार बोटांवर, धार बारीक, पाणी कपाळाकडून मागे वाहू द्यायचं. शॉवर नको, त्याचा मारा कमी-जास्त होतो आणि तुमच्या हातात राहत नाही. मग तळहातावर फेस घेऊन ग्राफ्टवर नुसता ठेवायचा. पसरवायचा नाही. पाच मिनिटं थांबा, पुन्हा तशीच धार, फेस पूर्ण जाईपर्यंत. शाम्पू राहिला तर खाज त्याचीच येते. मागच्या भागात ग्राफ्ट नाहीत, तिथे बोटांच्या पेरांनी हलकं चोळायला आजपासूनच हरकत नाही. ती छिद्रं एक मिलिमीटरच्या आसपासची असतात आणि आठवड्याभरात बुजतात. टॉवेल फक्त मानेला आणि मागच्या भागाला, तोही टेकवून. पुढचा भाग वाऱ्यावर सुकू द्या, पंख्याखाली पंधरा मिनिटं बसलात की झालं. हेअर ड्रायर महिनाभर कपाटात.

तुमचे दोन दिवस बुडालेत, ते भरून काढायला जोर लावू नका. आज संध्याकाळी असंच धुवा, मग रोज एकदा. पाचव्या दिवसापासून फेस ठेवल्यावर बोटांच्या पेरांनी सरळ वरून खाली थोपटा, बाळाची टाळू भरताना हात जेवढा हलका असतो तेवढाच. दाब किती ते तुमच्या आईला कुठलाही डॉक्टर शिकवायला नको. बोट बाजूला सरकता कामा नये, कारण खपलीला आडवा ओढा बसला की ग्राफ्ट हलतो. आठव्या दिवसापासून पेरं जागच्या जागी, अगदी छोट्या वर्तुळात फिरवायला लागा. दहाव्या दिवशी धुण्याआधी वीस-तीस मिनिटं डोकं सलाईनने किंवा क्लिनिकने दिलेल्या लोशनने ओलं ठेवा आणि दाढीचा साबण गालावर फिरवतो तेवढ्या दाबाने दोन-तीन मिनिटं चोळा, दिवसातून दोन वेळा. खपल्या तांदळाच्या कण्यांसारख्या हातात येतील, बऱ्याच खपल्यांबरोबर आखूड केसही येतील. केसाच्या टोकाला पांढरी बारीक गाठ दिसली तरी घाबरू नका, ते केसाचं टाकून दिलेलं टोक आहे, जिवंत मूळ कातडीत आत आहे. बाराव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत डोकं स्वच्छ व्हायला हवं. चौदाव्यानंतरही खपल्या घट्ट असतील तर नखाने उचकटू नका, क्लिनिकमध्ये जाऊन काढून घ्या.

दोन धुण्यांच्या मध्ये सलाईनचा स्प्रे चालू ठेवा. पहिले तीन दिवस जागेपणी दर तासाला, त्यानंतर सातव्या दिवसापर्यंत तीन-चार तासांनी. बाटली वितभर लांब धरा, बारीक तुषार पडले पाहिजेत. खाजेवरही पहिला उपाय हाच. रात्री खाजेने झोप येत नसेल तर डॉक्टरांना विचारून अॅलर्जीची गोळी घेता येते. झोपेत हात जाण्याची भीती वाटत असेल तर सुती हातमोजे घालून झोपा. कधी चुकून ओरखडा पडलाच आणि रक्त आलं, तर सलाईनमध्ये भिजवलेलं स्वच्छ गॉज त्या जागी दहा मिनिटं घड्याळ लावून धरा. मध्ये उचलून बघू नका आणि पुसू तर मुळीच नका.

आईचा हळदीचा आग्रह प्रेमाचा आहे, पण त्यांना नाही म्हणा. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण हजारो उघड्या छिद्रांत अडकतात. शिवाय कातडी पिवळी झाली की खालची लाली वाढतेय की उतरतेय हे ना तुम्हाला दिसेल ना फोटो बघणाऱ्या डॉक्टरांना. खोबरेल तेल वाईट नाही, त्याची वेळ अजून आलेली नाही. पहिले चार आठवडे तेल नको, कारण सांगलीच्या उकाड्यात तेल, घाम आणि धूळ एकत्र आली की पुटकुळ्यांना आमंत्रणच. काही डॉक्टर खपल्या सुटायला एखादं तेल स्वतः लिहून देतात. तसं तुमच्या कागदावर असेल तरच लावा. महिन्यानंतर चार-पाच थेंब, तासाभराने धुऊन टाकायचे. जोरात चंपी तीन महिन्यांनंतर. कांद्याचा रस, कोरफडीचा ताजा गर, लिंबू, एरंडेल यांतलं काहीही सध्या डोक्याजवळ आणू नका. कांद्याच्या रसाने धडधाकट कातडीही लाल होते.

तंबाखूबद्दल मऊ शब्दांत लिहिणार नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि सध्या २,४०० ग्राफ्टना रक्त पोचवायला त्याच बारीक वाहिन्या तयार होत आहेत. धूर नाही म्हणून मळलेली तंबाखू चालते, हा समज चुकीचा आहे. गुटखा, मिश्री, तपकीर, सगळ्यांत निकोटिन आहे. तंबाखू सोडण्यासाठी मिळणाऱ्या च्युइंगगममध्येही असतं, म्हणून ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. निदान एक महिना पूर्ण बंद. भरगच्च ग्राफ्ट, त्यात तंबाखू किंवा न आवरलेला मधुमेह, असं जुळून आलं की मधल्या भागाची कातडीच काळी पडण्याची भीती असते. ती जखम भरायला महिने लागतात आणि तिथे केस उगवत नाहीत. इतके पैसे आणि इतकं सोसणं त्या एका पुडीपायी पणाला लावू नका. दारूही आठवडाभर बंद.

गोळ्या कागदावर आहेत तशाच घ्या, अँटिबायोटिक मध्येच सोडू नका. दुखलं तर पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने रक्त झिरपू शकतं, ती स्वतःहून नकोत. हृदयासाठी अॅस्पिरिन कायमची चालू असलेल्यांनी मात्र ती आपल्या मनाने बंद करू नये. सूज उतरायला स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील आणि तुम्हाला मधुमेह असेल, तर त्या दिवसांत साखर रोज तपासा, ती चढते.

मोटरसायकलचं हेल्मेट घालताना-काढताना आतलं अस्तर नेमकं कपाळावरच्या नव्या केशरेषेवर घासतं. कारखान्यातलं सेफ्टी हेल्मेट वजनाला हलकं असलं तरी त्याचा घामाचा पट्टा त्याच रेषेवर तासन्‌तास दाबून बसतो. किमान चौदा दिवस दोन्ही नको, तीन आठवडे थांबता आलं तर उत्तम. या काळात हेल्मेटशिवाय मोटरसायकल चालवणं हा मार्ग नाही. एसटी, कंपनीची बस, कुणाच्या चारचाकीत जागा, काहीही बघा. सुट्टी संपत असेल तर वरिष्ठांना सांगून हेल्मेट लागत नाही अशा जागेवर, ऑफिसात किंवा स्टोअरमध्ये काम मागा. डॉक्टरांची चिठ्ठी त्यासाठीच असते, ती मागून घ्या. हेल्मेट पुन्हा सुरू केल्यावर आत धुतलेला मऊ सुती कपडा घाला, तो रोज बदला आणि घरी आल्यावर डोकं धुवा.

उन्हासाठी टोपीपेक्षा छत्री बरी, ती कशालाच टेकत नाही. आपल्या सावळ्या कातडीत ताज्या जखमेवर ऊन लागलं की काळे डाग पडतात आणि ते लवकर जात नाहीत. सनस्क्रीन महिन्यानंतर लावा. चालायला आत्ताही हरकत नाही. जोर-बैठका आणि जिम तीन आठवड्यांनी, पोहणं किंवा नदीत डुंबणं महिन्याने. मागून कातडीची पट्टी काढून टाके घातलेल्यांनी, म्हणजे एफयूटी केलेल्यांनी, वजनं उचलायला आणखी थांबावं, नाहीतर व्रण रुंदावतो.

लग्नाला जा. सोळाव्या दिवशी ग्राफ्ट पक्के असतील, अक्षता पडल्या तरी काही होत नाही आणि वाकून नमस्कार करायलाही हरकत नाही. पण डोक्यावर आवळून बांधलेला फेटा नको. त्याचा पीळ कपाळावर घट्ट बसतो, आत घाम साठतो, आणि लाल असलेल्या कातडीला तो तीन-चार तास सोसणार नाही. बांधणाऱ्याकडून तुमच्या मापापेक्षा एक आकार मोठा तयार फेटा आधीच करून घ्या, आत धुतलेलं मलमल घाला, आणि फोटोपुरता पंधरा-वीस मिनिटं घालून उतरवा. आदल्या दिवशीची हळद गालांना आणि हातांना लावू द्या, कपाळाच्या वर नाही. वरातीत नाचून घाम आला तर रात्री कितीही उशीर झाला तरी डोकं धुऊनच झोपा. क्षौराचा प्रश्नही कधी अचानक घरात उभा राहतो, म्हणून इथेच सांगतो. कात्रीने केस कापायला महिन्यानंतर हरकत नाही, पण लावलेल्या भागावर वस्तरा किंवा मशीन तीन महिने फिरू देऊ नका. केसांचा रंगही किमान सहा आठवडे नको.

पुढे एक गोष्ट होईल, ती आधी माहीत असलेली बरी. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले बहुतेक केस गळून जातील. जागा बदलल्याच्या धक्क्याने मूळ विश्रांतीत जातं आणि जुना केस सोडून देतं. आजूबाजूचे मूळचे केसही थोडे विरळ दिसू शकतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे, आधी बारीक आणि वाकडेतिकडे केस डोकावू लागतात. सहाव्या महिन्यात निम्मं चित्र दिसतं, पूर्ण निकाल बाराव्या महिन्यात. नवे केस वर येताना दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात एखाद-दुसरी पुटकुळी येते. तिला कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने दिवसातून तीन वेळा शेका, फोडू नका. पाच-सहा एकदम आल्या, दुखू लागल्या किंवा पू दिसला तर औषध लागतं. बधिरपणाही काही महिने रेंगाळतो. मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढण्यासाठी डोक्याला लावायचं औषध, वापरत असाल तर खपल्या पूर्ण गेल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका, त्यातल्या अल्कोहोलने आग होते. तारीख डॉक्टरांकडून घ्या. मागून आणलेले केस टक्कल पडण्याच्या हार्मोनला दाद देत नाहीत, पण मधले मूळचे केस देतात. ते टिकवण्याच्या गोळ्यांबद्दल, त्यांच्या लैंगिक दुष्परिणामांसकट, पुढच्या भेटीत स्पष्ट विचारा.

वाट न बघता फोन करायची वेळ कुठली, तेही लिहून ठेवा. १०१ फॅरनहाइटवर ताप. तिसऱ्या दिवसानंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढणारं दुखणं. लाली दिवसागणिक पसरणं, पिवळा पू किंवा दुर्गंधी. दहा मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त. आणि सगळ्यांत तातडीचं म्हणजे लावलेल्या भागात निळसर-काळपट होत जाणारा चट्टा. खपली काळसर असतेच, पण ती भिजवली की मऊ पडते आणि कडा सुटतात. कातडीच काळी पडत असेल तर भिजवूनही रंग तसाच राहतो. रोज सकाळी एकाच खिडकीपाशी, एकाच अंतरावरून पुढचा, वरचा आणि मागचा असे तीन फोटो काढा, म्हणजे फरक सांगता येईल. फोनवर क्लिनिकचा काउन्सेलर बोलला तर ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांनाच फोटो दाखवायचा आग्रह धरा. दोन तासांत उत्तर आलं नाही तर पुण्याची वाट बघू नका, ऑपरेशनचा कागद आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन सांगलीतल्याच त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा सर्जनकडे जा.